कॉमेंट्रीवाल्याची प्रार्थना

प्रिय आक्का,

येत्या रविवारी चर्चमध्ये संदेश मी द्यायचा, असं पाळकसाहेब म्हणत्यात. फुटबॉलची कॉमेंट्री करताना सगळी पेठ दणाणून सोडतो मी, पण देवाबद्दल बोलायचं म्हटलं की मागच्या बाकावर जाऊन लपतो. 'भाऊ आजारी हाय' असं तूच त्यास्नी कळव, म्हणून ही चिठ्ठी लिहायला घेतली.

तेवढ्यात शेजारच्या रूथमावशी आल्या. "गुडघ्यानं उठवंना झालंय, प्रार्थना कर."

डोळं मिटलं आणि सवयीनं कॉमेंट्रीच सुटली, "प्रभू, मावशी एकट्याच गोल राखून दमल्यात, आता तू मैदानात उतर की."

मावशी रडता रडता हसल्या. "आमेन. रविवारी पुढच्या बाकावर बसते."

आता आजारी कसा पडू? ही चिठ्ठी पोस्टात टाकत न्हाय. हिच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर संदेश लिहायला घेतलाय.

तुझा भित्रा भाऊ,
शमुवेल