बाबांचं बीपी आणि माझी कबड्डी

३ नोव्हेंबर, सोमवार

खेळ बंद म्हणे! मी कबड्डीहून उशिरा येते त्याच दिवशी बाबांचं बीपी चढतं — आईचा शोध. ‘तुझो खेळ बंद म्हंजे बंद!’ बाबा शेजारीच बसलेले. टीव्हीचा आवाज वाढवला त्यांनी!

नाही करणार बंद. संख्याशास्त्र शिकतेय मी. आकड्यांनीच गप्प करते तिला.

४ नोव्हेंबर

आई रोज रात्री साडेआठला बाबांचं बीपी मोजून कॅलेंडरवर लिहिते. त्याच्या शेजारी मी घरी आल्याच्या वेळा मांडल्या. अख्खा ऑक्टोबर. सहसंबंध आला ०.८१, जास्तीत जास्त १ असतो.

वाट लागली!

ग्राफवर ठिपके असे सरळ वर चढलेत, आईने बघितलं तर फ्रेम करून लावेल. एकदोन आकडे बदलू? छ्या! चीटिंग करून जिंकायचं नाहीये मला.

५ नोव्हेंबर

कॉलेजात मधुवंती मॅडमना वही दाखवली. हसल्या. ‘दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली, हे कुणी सांगितलं? मागे तिसरी असू शकते. शोध.’

शोधतेच. प्रॅक्टिसलाही गेले. आई बोलत नाहीये. नको बोलू!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं!! आज मैदानावरून धावत सुटले, आठ एकतीसला घरात. आई बाबांच्या दंडाला पट्टा बांधत होती आणि बाबांच्या पायात अजून बूट! घामाघूम, धापा टाकतायत. गणपतीपासून लिफ्ट बंद, चार मजले चढून नुकतेच आलेले. १५६. मी म्हटलं, अर्धा तास बसा, परत मोजू. १२८!

आईला विचारलं, तर माझ्या कबड्डीच्या दिवशीच बाबा उशिरा येतात — सोमवार, बुधवार, शुक्रवार. बाकी दिवशी सहापासून टीव्हीसमोर निवांत. म्हणजे बीपी चढवतात ते जिने. मी नाही!

‘कुठे असता हो एवढा वेळ?’ आईने विचारलं.

‘नाक्यावर.’

आई मला म्हणाली, ‘जास्त शहाणी झालीस.’ पण खेळ बंद म्हणाली नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

प्रॅक्टिस संपल्यावर आमची कॅप्टन रश्मी म्हणाली, ‘मानसी, तुझ्या बाबांना आत बसायला सांग ना यार. दोन महिने मैदानाच्या पत्र्याआडून बघतायत तुझा खेळ.’

धावले. बाबा घाईघाईने घराकडे निघाले होते. हात धरला.

म्हटलं, सावकाश. आज दोघं मिळून उशीर करू.