एकाच पत्त्यावर अकराशे सभासद

चि. खारूताईस आत्याचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? नवी खुर्ची मानवली का? नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलंस, त्यामुळे आता खुर्चीच्या नावाने कुरकुर करायला वरती साहेबही नाही, तेव्हा जपून बसत जा. आमचं विचारशील तर मी बरी आहे. तुझ्या आतोबांचा गुडघा हवा बदलली की बोलतो, आणि तो बोलला की तेही बोलतात, बाकी सगळं क्षेम. पत्र लिहायला कारण मोठं आहे, पण ते सवडीने सांगते. फोन केला असता तर तू “आत्या, मुद्द्यावर ये” म्हणाली असतीस, आणि मुद्द्यावर यायला मला चार पानं लागतात हे तुला ठाऊक आहे.

तू आमच्या वाचनालयाला प्रोग्रॅम करून दिलास त्याला पाच महिने झाले, आणि तेव्हापासून दर रविवारी तू मला एक चिमुकली टीप पाठवतेस. (मी फक्त एकदा सहज विचारलं होतं, याच्या आत काय असतं गं? तर तू मला मुळापासून शिकवायलाच घेतलंस. बापाची मुलगी शोभतेस.) मी प्रत्येक टीप लाल वहीत उतरवून घेते आणि जमेल तशी आयुष्यात वापरते. इथेच सगळं बिनसलं. तिसऱ्या टिपेत तू लिहिलंस की पुष्कळ भाषांत मोजणी शून्यापासून सुरू होते, पहिली वस्तू म्हणजे शून्य क्रमांकाची. मला ते इतकं पटलं की मी वाचनालयातल्या कपाटांना शून्यापासून नवे आकडे डकवले. दुसऱ्याच दिवशी आमच्या अध्यक्षांनी (दातांचे डॉक्टर आहेत, इतकं हळू बोलतात की ऐकणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं) सवयीने तीन नंबरच्या कपाटातून प्रवासवर्णन म्हणून हाताला लागेल ते उचललं, आणि घरी जाऊन बघतात तर कोंबडीपालन. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं की संगणकाशी एखादं शिकलेलं माणूस बसवावं. अठ्ठावीस वर्षं मी त्या टेबलाशी बसते आहे, पण एका कोंबडीने घात केला.

तुझ्या सगळ्याच टिपा काही अंगलट आल्या नाहीत हो. जावास्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी सारख्या आहेत का हे विचारताना बरोबरची चिन्हं दोन नकोत, तीन लावावीत, कारण दोन लावली तर पाच हा खरा आकडा आणि नुसता अक्षरासारखा लिहिलेला पाच ती भाषा एकच धरून चालते, हे वाचलं आणि मला तुझ्या आतोबांचा स्वभाव उलगडला. ते दोन चिन्हांचे आहेत. कोथिंबीर सांगितली तर पुदिना आणतात आणि म्हणतात, हिरवंच आहे ना! पायथनची टीपही मनापासून पटली. ओळ आत सरकवताना टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ करू नये. दिसायला दोन्ही ओळी एका रांगेत, पण आतून एकीचं दुसरीशी पटत नाही आणि प्रोग्रॅम अडून बसतो. आपल्याकडे अशा दोन जावा आहेत. (नावं घेत नाही, पत्र पाकिटात जाण्याआधी आतोबा वाचतात.)

तर आता मुद्दा. गेल्या शुक्रवारी आपल्या शिंप्याने दुकान हलवलं आणि नवा पत्ता, नवा फोन देऊन गेला. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, म्हटलं बटणं काय कुणीही दाबेल, आपण वहीत बघून आज्ञाच लिहू. हात दाखवून अवलक्षण! अपडेट लिहिलं, नवा पत्ता आणि फोन लिहिला, आणि व्हेअर लिहायला विसरले. म्हणजे बदल कर एवढं सांगितलं, कुणाचा ते सांगितलंच नाही. यंत्र बिचारं आज्ञाधारक, त्याने अकराशे सेहेचाळीस सभासदांना उचलून शिंप्याच्या दुकानात राहायला पाठवलं. मला पत्ताही नाही. सोमवारी सकाळी थकलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रं आपोआप फोनवर गेली, ती सगळीच्या सगळी, सत्याऐंशी, शिंप्याच्या फोनवर. ज्या माणसाने आयुष्यात एका पुस्तकाला एक दिवस उशीर केला नाही, आणि जो साठीतही एकटा जीव आहे, त्याला सकाळी सकाळी विचारणा झाली की गरोदरपणातली काळजी हे पुस्तक आपण परत कधी करताय. गळ्यात टेप तसाच ठेवून तो धावत आला. यादी उघडून बघितली आणि माझी तर पाचावर धारण बसली.

पण तुझ्याच टिपेने तारलं. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर कॉपीच्या आज्ञेत ते नाव अवतरणचिन्हांत घालावं, ही अठरावी. त्याआधी मी “सभासद यादी” नुसतंच लिहीत होते, यंत्र ती दोन सुटी नावं समजत होतं आणि प्रत निघतच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. नंतर दर शुक्रवारी सकाळी नीट प्रत काढून पेनड्राइव्ह बटणांच्या डब्यात ठेवते. त्यामुळे सोमवारी दुपारपर्यंत सगळे सभासद आपापल्या घरी परतले. शिंप्याची सत्याऐंशी वेळा नाही, पण चांगली पाच-सहा वेळा माफी मागितली.

नेमकी मंगळवारी समितीची बैठक, आणि शेजारच्या दोन वाचनालयांची माणसं तुझा प्रोग्रॅम घ्यावा का हे बघायला आलेली. स्मरणपत्रांची गोष्ट तोवर सगळीकडे पसरली होती. अध्यक्षांनी हळूच विचारलं, दोष प्रोग्रॅमचा की माणसाचा? मी उभी राहिले आणि म्हटलं, माणसाचा, आणि ते माणूस मी. मग त्या पाहुण्यांना प्रोग्रॅम आवडला, दोघांनीही घ्यायचं ठरवलं, तुला कळवतीलच. माझ्याबद्दल असं ठरलं की टेबल माझंच, पण सहा महिने संगणकाला हात लावायचा नाही. येत्या गुरुवारपासून एक शिकलेली मुलगी येणार आहे. मी पुस्तकं काढून देईन, शिक्के मारीन. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन लाल वही कपाटात टाकली आणि जेवले नाही.

कळावे, पण मनाला लावून घेऊ नये. बापाला माझा नमस्कार नको, त्याने आधी माझ्या मागच्या पत्राचं उत्तर द्यावं.

तुझी,
आत्या

ता. क. आतोबांनी पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं, कोथिंबीर त्या दिवशी बाजारात नव्हतीच. आणि तुला सांगायला सांगितलंय की आत्याच्या चुकीबद्दल तू वाईट वाटून घेऊ नकोस, तिला पहिल्यापासून नको तिथे हात घालायची खोड आहे. पाकीट आणायला ते आत गेलेत, तेवढ्यात पुढचं लिहिते.

ता. क. दुसरा. मी आज्ञा-बिज्ञा काही लिहिली नव्हती गं. तू करून दिलेलं “पत्ता बदला” हे बटणच दाबलं होतं. सोमवारी संध्याकाळी लाल वही शेजारी ठेवून तुझी फाइल उघडली. ओळ दोनशे चौदा. अपडेट आहे, व्हेअर नाही. पाच महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण इथे कुणी घरच बदलत नाही. आणि तुझ्या लक्षात का आलं नाही तेही मला सापडलं. तू ते बटण तपासलंस तेव्हा यादीत एकच सभासद होता, मी. माझा पत्ता बरोबर बदलला, तू खूश झालीस.

गुरुवारच्या आत ती ओळ गुपचूप दुरुस्त कर, त्या दोन वाचनालयांकडे जाणारीही. त्या नव्या मुलीवर आळ नको. आतोबांना सांगू नकोस, ते तुझ्या बापाला सांगतील, आणि तुझा बाप ते जन्मभर तुला ऐकवील. अध्यक्षांना खरं कळवायचा शहाणपणा तर मुळीच करू नकोस. माझी अठ्ठावीस वर्षं झाली आहेत, मला सहा महिने परवडतात. तुझे पहिलेच सहा महिने आहेत.

ता. क. तिसरा. तू मला बावीस टिपा दिल्यास, ही एक माझ्याकडून. तपासताना यादीत निदान दोन माणसं घ्यावीत. एकट्या आत्यावर सगळंच बरोबर चालतं. आणि हो, रविवारची टीप बंद करू नकोस. मला हात लावायला बंदी आहे, वाचायला नाही. वही परत बाहेर काढली आहे.