पियुषच्या कानांबद्दल

अकोला,
२२ एप्रिल २०२५

प्रिय पौर्णिमाताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इकडे पारा त्रेचाळीसवर गेलाय, होस्टेलचा कूलर नुसती गरम हवा फेकतो. सध्या आमची ड्यूटी बालरोग विभागात आहे. दिवसभर पोरांची वजनं, डोक्याचे घेर, कोण कधी बसलं, कोण कधी बोललं.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. तीनदा फोन केला होता. तू पियुषचं कौतुक सुरू केलंस की मी परीक्षेचा विषय काढायची. खुशालरावकाका उद्या तुमच्याकडे तेल्हाऱ्याला येताहेत, त्यांच्या हाती हे देते.

काल आईचा फोन आला. अंगणवाडीच्या सुभद्राबाईंनी पियुषचे कान तपासून आणायला सांगितलं आणि तू त्यांना परत पाठवलंस म्हणे. आई मोठ्या अभिमानानं सांगत होती, "पौर्णिमानं तिले साफ सांगतलं, आमची प्रतीक्षा डॉक्टर होऊन राहिली, तिनं पाह्यलं त्याले."

ताई, सुभद्राबाईंचं बरोबर आहे.

जानेवारीत अंजनगावला आईकडे त्याचं बोरन्हाण केलं, तेव्हा तो दहा महिन्यांचा होता. बोरं-मुरमुरे ओतून झाल्यावर चंदाकाकूच्या हातून पितळी परात त्याच्यामागं फरशीवर पडली. सगळी पोरं दचकली, एक तर रडायलाच लागलं. पियुष तुझ्या तोंडाकडे बघून हसत बसला. आई म्हणाली, "पाहा, कसा वाघ आहे, भेलाच नाही." मी मुद्दाम त्याच्यामागं जाऊन दोनदा टाळी वाजवली. त्यानं मान वळवली नाही. दिवसभरात त्याच्या तोंडून 'बाबा', 'दादा' असलं काही निघालंही नव्हतं. या वयाला काय यायला हवं, ते मला तोंडपाठ होतं.

तेवढ्यात तू विचारलंस, "बराबर वाढून राहिला ना माहा पियुष?" मी म्हटलं, "एकदम बराबर."

मी घाबरले असेन, असं समजून मला माफ करू नकोस. मला तुझा हेवा वाटत होता, तुझ्या लग्नाआधीपासूनचा. बाबांनी माझ्या निकालाचे पेढे आणले, त्याच संध्याकाळी तुझी गोड बातमी आली आणि ते पेढे गल्लीत तुझ्या नावानं वाटले गेले. त्यानंतर मी घरी आले की आई आधी पियुषचे फोटो दाखवते, मग पाणी विचारते. त्या दिवशी तुझ्या सोन्यासारख्या पोरात मला एक उणं दिसलं आणि मला बरं वाटलं. अकोल्याची बस येईपर्यंत बरं वाटत होतं. नंतर वाटेनासं झालं, तरी मी गप्प राहिले.

कदाचित कानात पाणी साठलं असेल, ते औषधानं किंवा लहानशा ऑपरेशननं जातं. कदाचित जन्मापासूनच ऐकू येत नसेल. तसं असलं तरी लवकर कानाला यंत्र लावलं तर अशी पोरं बोलायला शिकतात. उशीर होईल तेवढं अवघड जातं, आणि त्यातले तीन महिने मी घालवले आहेत.

शुक्रवारी सकाळी नऊला आमच्या दवाखान्यात त्याच्या कानांची तपासणी ठरवली आहे. झोपेत डोक्याला तारा लावून बघतात, दुखत नाही. त्याला पहाटे लवकर उठवून आण, म्हणजे इथं झोपेल. मी बाहेर उभी असेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण त्याला घेऊन ये.

आणि यापुढे पियुषचं काहीही मला विचारून ठरवू नकोस.

तुझ्या विश्वासाला न जागलेली,
प्रतीक्षा