चौकातल्या बागेत पहिला घास

आंधळगाव,
मार्च १९७९

बाबू जागेश्वर,

तू परजातीत लग्न केलं तेव्हापासून बाबांनी घरात तुझं नाव घेऊ दिलं नाही. म्हणून तुले पोरगी आहे, हे आम्हाले ठाऊकच नव्हतं.

गेल्या आठवड्यात नागपूरले बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. परवा दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधूनच सुट्टी दिली. एसटीले वेळ होता, म्हणून चौकातल्या जुन्या, राजेशाहीच्या वेळच्या बागेत बसलो. समोर तुम्ही तिघं डबा खाऊन राहिले होते, तुझी पाठ आमच्याकडे. पोरीनं पहिला घास गवतावर ठेवला अन् मोठ्यानं म्हणाली, "हा धरतीमायचा!" आपण धानाच्या बांधावर म्हणत होतो, अगदी तसंच. तू हसला, तोच तुझा जुना आवाज.

बाबांनी माझा हात घट्ट धरला. मले हाक मारायची हिंमत झाली नाही. नाव काय रे तिचं? शाळेत जाते का?

भंडाऱ्याले एसटी बदलताना बाबा हळूच बोलले, "निर्मला, पोरगी कोणावर गेली?"

मी म्हटलं, "पट्टी सुटली की तुम्हीच पाहा."

तुझा पत्ता माझ्यापाशी नाही, हे पत्र टाकू कुठं? पण सोमवारी पट्टी सोडाले नागपूरले जातो. तिथून पहिले त्याच बागेत बसायचं, असं बाबांनी आतापासूनच सांगून ठेवलं आहे.

तुझी बहीण,
निर्मला