निळा पडदा आणि सूनबाईचा इंटरव्ह्यू

९ ऑक्टोबर, गुरुवार
घरच्या कॉम्प्युटरवर आज तिसऱ्यांदा निळा पडदा. (यापुढे नि.प.) वेळ ११.४०. नेमकी मृणाल इंटरव्ह्यू देत होती. वाक्य अर्ध्यात, आणि समोर सगळं निळं. परत चालू होईतो पलीकडची मंडळी उठून गेलेली. ऑगस्टात सूनबाईची नोकरी गेली, ऑफिसने लॅपटॉपही त्याच दिवशी काढून घेतला. तेव्हापासून तिला हेच यंत्र.
म्हटलं, "काय काय भरून ठेवलंयस त्यात?"
"इंटरव्ह्यूचं सॉफ्टवेअर, बाबा. मागच्या आठवड्यात. त्यांनीच पाठवलं होतं."
जेवली नाही.

१० ऑक्टो.
चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात टेस्टिंगला काढली. बिघाड आला की पहिला प्रश्न: शेवटचा बदल काय, कोणी केला? कागदावर मांडलं. बदल एकच. करणारी एकच. चिरंजीव निखिल इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून दमून आला, बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "बाबा, नवा घेऊ ना." नवा घेऊ! दुखणं कळायच्या आधीच यांचं सगळं बदलून मोकळं.

१२, रवि.
तिला तिचं सगळं काढायला लावलं. सॉफ्टवेअर, फाइली, फोटोसुद्धा. एकेक करून काढलं तिने. संध्याकाळी तरीही दोनदा नि.प. म्हणजे…
म्हणालो, "मागे राहिलं असेल काहीतरी तुझं." हे बोलायची काही गरज नव्हती.

१४, मंगळ.
त्या कंपनीचा नकार आला. ओट्यापाशी उभी राहून फोनवर वाचत होती. "काय गं?" "काही नाही, बाबा."
राग आला. कोणाचा ते माहीत नाही. कॉम्प्युटर रिक्षात घातला, जे. पी. नगरातच एक दुरुस्तीवाला आहे त्याच्याकडे नेला. त्याने बाजूचा पत्रा काढला आणि हसायलाच लागला. रॅमच्या पट्टीवर कुंकू, वाळून घट्ट. खाचेत दोन अक्षता.
"सार, पूजे स्वल्प कडिमे माडी." कानडीत, पूजा जरा कमी करा म्हणे.
खंडेनवमी, दोन आठवड्यांपूर्वीची. कारखान्यात दर वर्षी एकेका लेथला हळदकुंकू वाहायचो, ती सवय. यंदा घरी कॉम्प्युटरला वाहिलं, वरच्या जाळीवरच. कुंकू ओलं. पोरीला नोकरी लागू दे म्हणून अक्षता जरा जास्तच. बदलांच्या कागदावर हे लिहायचं मला सुचलंसुद्धा नाही. पूजेला कोण बदल म्हणतं?

१५, बुध.
पट्टी पुसली, खाच साफ केली. दिवसभर चालू. नि.प. शून्य. कारखान्यात असतो तर आज पेढे मागवले असते.
निखिल: "काय होतं शेवटी?"
मी: "धूळ."
मृणाल तिथेच पोळ्या लाटत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोरच चौकशी करतोय. कबुलीची तीन वाक्यं आहेत फक्त. निकाल लागला नव्हता तेव्हा कळतं तर सहज सांगितली असती. बहुतेक. आता तिची ही नोकरी हुकली माझ्या कुंकवाने, हे कोणत्या तोंडाने सांगू?

१६, गुरु.
उद्या दहाला तिचा दुसरीकडे इंटरव्ह्यू. म्हटलं, "इथेच बस. ठणठणीत झालाय."
"नको, बाबा. बसवनगुडीला मैत्रिणीकडे जाते, ती लॅपटॉप देतेय. इथे परत काही झालं तर…" माझ्यासमोर चहा ठेवला, मग म्हणाली, "सॉरी हं बाबा. माझ्यामुळे तुमची फार धावपळ झाली."
मी कप उचलला. म्हणालो, "असू दे."
असू दे! म्हणजे मी तिला माफ केलं. लाज वाटते लिहायला.
ती आठला निघणार. मी सहालाच उठलेला असतो. मधले दोन तास, तीन वाक्यांना पुरेत.