उघड्यावर न येणारे उंदीर

३ मे
आजपासून रोजनिशी. जूनअखेर माझा करार संपतो. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, निकाल दाखवा, मुदतवाढ घ्या. सोपं आहे. एका प्रथिनाने मेंदूत नव्या पेशी वाढतात आणि चिंता कमी होते. निम्म्या उंदरांना ते टोचायचं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग उंच फळीवर सोडायचं; तिच्या अर्ध्या भागाला भिंती, अर्धा उघडा. घाबरट उंदीर भिंतीच्या आडोशाला बसतो, धीट उघड्यावर येतो. प्रथिनवाले येतील. पाणीवाले येणार नाहीत.
बायको म्हणाली, उरलं तर घरी आणा, तुम्हाला टोचू. हसलो. माझा स्वभाव मुळातच शांत.

२८ मे
टोचून झालं. नव्या पेशी रुजायला वेळ लागतो. झोप लागत नाही. उकाडा.

१० जून
पहिली चाचणी. दोन्ही गट आडोशाला. एकाने नाक बाहेर काढलं, मला पाहिलं, आत घेतलं. दिव्याचा दोष. बल्ब बदलला.

१२ जून
तेच. फळी पुन्हा पुन्हा पुसली. हात थरथरत होते. चहामुळे. चहा बंद.

१३ जून
चहा सुरू. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, अहो, घाबरलेल्या माणसाचा घाम उंदरांना कळतो. पिंजरे धुणाऱ्याशी बोललं पाहिजे.

१७ जून
मॅडमना परिस्थिती स्पष्ट सांगायचं ठरवलं. केबिनपर्यंत गेलो. त्या फोनवर होत्या. मग जेवत होत्या. मग दार सताड उघडं होतं, तेव्हा एकदम आत जाणं बरं दिसलं नाही. जिन्याखाली थांबलो. तिथे गार असतं.

२० जून
उद्या शेवटची चाचणी. पोट बिघडलं. बायको म्हणाली, दर परीक्षेला बिघडतं. रजा टाकली. चाचणी सहकारी घेईल.

२१ जून
सहकारिणीचा फोन. प्रथिनवाले झाडून सगळे उघड्यावर! बायकोला म्हणालो, मुदतवाढ पक्की. ती म्हणाली, आणि पाणीवाले? ते विचारायचं राहिलं.

२२ जून
मॅडमचा फोन. पाणीवालेही उघड्यावर. एक तर फळीच्या टोकाला बसून मिशा साफ करत होता. या खेपेला वेगळं काय होतं, असं त्यांनी सहकारिणीला विचारलं. ती म्हणाली, फळी तीच, दिवा तोच. पुढे काही बोलली नाही म्हणे. मुलगी स्वभावाने चांगली आहे.
मॅडमनी माझी रजा वाढवली. मी मागितली नव्हती. माणसाची किंमत असते ती अशी.
कराराचं विचारणारच होतो, तेवढ्यात फोन मीच ठेवला. उद्या विचारेन. बायकोने विचारलं तर जास्त बरं.