पिवळा डोळा

आनंद नगर, भोपाळ
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय गिरीश,

नमस्कार. शालिनीवहिनींचा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सगळे बरे.

दुकान चालू आहे. काल एकाने पाण्याची मोटर आणली, सगळं वाइंडिंग नवीन करा म्हणत होता. मी नुसती फिरवून ऐकली आणि सांगितलं, "भैया, बेअरिंग गया है, बाकी सब ठीक." आठवी नापासाला देवाने कान मात्र इंजिनिअरचे दिले, असं तूच म्हणायचास. पण थकलो रे. संध्याकाळी शटर ओढताना वाटतं, उद्या दुसऱ्या कोणी उघडावं.

लिहायचं होतं ते करकोच्यांचं. जानेवारीच्या पक्षीगणनेत बिशनखेडीला तलावाच्या काठावर ते दोघे उभे होते. छातीइतके उंच, लालभडक काटकुळे पाय, उन्हात निळी-हिरवी चमकणारी काळी मान. मादीचा डोळा पिवळा, नराचा काळा, हे मला तूच शिकवलेलं. तू म्हणालास, "डावीकडची मादी आहे. जोडी लिही." मी म्हटलं, दोघांचेही डोळे काळे, दोन्ही नर. तू दुर्बीण पुढे केलीस. मी बघितल्यासारखं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "आंधळा झालास का रे? रिटायर झालास, आता चष्माही बदल." सगळे हसले. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस.

परवा आमच्या जुईने त्या दिवशीचा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. मी विचारलं, "डोळा कसा आहे गं?"

"पिवळाधमक. बाबा, तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतो की. तुझी परीक्षा घेत होतो."

नव्हता दिसत, गिरीश. त्या दिवशी काठावरही मला दोन पांढरे डागच दिसत होते; पाय आणि मान वर लिहिली ती जुन्या आठवणीतून. साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्लेत. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं, गेलं ते परत येत नाही. घरी अजून बोललो नाही. हे पत्रही अंदाजानेच लिहितोय, ओळी वाकड्या असतील. स्कूटर विकली, ती कंटाळा आला म्हणून, असं सांगितलंय.

गणनेचा तक्ता ठेवणाऱ्या विश्वासला फोन करून त्यातली नोंद बदलायला लावली : एक नर, एक मादी, ओळखणारा गिरीश. का बदलली, ते येत्या रविवारी सगळे पक्षी बघायला काठावर जमतील तेव्हा तिथेच, सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण तिथवर कोणीतरी हाताला धरून न्यायला हवं, आणि दुसऱ्या कोणाला सांगवत नाही.

येणार असशील तर फाटकातून हाक मार. नुसता समोर येऊन उभा राहू नकोस.

तुझा,
गजानन